इंजिन कोणाचे, बियाणे कोणाचे?

कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात रेल्वे इंजिने करणाऱ्या कंपनीवर अग्रलेख कशाला, असे काही शेतकरी बांधव विचारतील. विचारावेच. आमचे उत्तर एवढेच, की या कंपनीची हकीकत वाचताना आम्हाला वारंवार आपल्या सरकीच्या पिशवीची आठवण झाली. ती का झाली, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

कंपनीचे नाव अल्स्टॉम. मूळची फ्रान्सची. विजेची जनित्रे, टर्बाइन आणि आगगाड्या हा तिचा धंदा. १९२८ साली अल्सास प्रांतातली एक जुनी यंत्रे बांधणारी कंपनी आणि अमेरिकन मुळाची थॉमसन-ह्यूस्टन यांच्या जोडणीतून ती उभी राहिली. दोघींच्या नावाचे तुकडे जोडून नाव झाले. बेलफोर्ट हे तिचे जुने गाव. १९८१ साली पॅरिस ते लिऑन धावलेली फ्रान्सची वेगवान गाडी तिच्याच कारखान्यातली, आणि २००७ साली ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला तोही तिच्याच गाडीने.

आपला संबंध असा. बिहारमध्ये मधेपुरा येथे या कंपनीचा आणि भारतीय रेल्वेचा भागीदारीतला कारखाना आहे. तिथे १२,००० अश्वशक्तीची मालगाडीची जोडइंजिने तयार होतात. डब्ल्यूएजी-१२ हे त्यांचे नाव. आपल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या २,४०० मोटारी एकदम चालल्या तर जेवढे बळ होईल, तेवढे त्या एका इंजिनात. सहा हजार टनांची गाडी ते ओढते. या इंजिनांच्या देखभालीचे दोन डेपो ठरले, एक सहारनपूरला आणि दुसरा आपल्या नागपूरला. म्हणजे ही कंपनी आता परकी पाहुणी राहिलेली नाही, शेजारीण झाली आहे.

आपल्या मुलखाला रेल्वे आणि परकी कंपनी ही जोडी नवी नाही म्हणा. वऱ्हाडात रूळ आले तेच मुळी रुईच्या गाठी मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पोचाव्यात म्हणून. खामगाव आणि अमरावतीचे फाटे १८७० च्या आसपास पडले ते प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. मूर्तिजापूर-यवतमाळची आपली शकुंतला तर देश स्वतंत्र झाल्यावरही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि तिचे वाफेचे मँचेस्टरी इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकत होते. रूळ आपल्या शेतातून गेले, मालक मात्र भलताच. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे वाचावे.

आता अल्स्टॉमच्या कर्जाची गोष्ट. १९९९-२००० मध्ये तिने एबीबी या कंपनीचा वीज-यंत्रांचा धंदा आधी अर्धा आणि मग पुरता विकत घेतला. बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. इथे मोठमोठ्या पदव्यांच्या साहेबांनी तेवढेही केले नाही असे दिसते. त्या धंद्याबरोबर आलेल्या मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये दोष निघाले, गिऱ्हाइकांना भरपाई देता देता कंपनीची कंबर मोडली, आणि २००३ साली ती दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा फ्रान्स सरकार धावून आले. युरोपच्या स्पर्धा-आयुक्तांनी हरकत घेतली, कारण बुडत्या कारखान्याला सरकारी पैसा देणे तिथल्या नियमात सहज बसत नाही. २००४ मध्ये अर्थमंत्री निकोला सारकोझी यांनी भांडून मार्ग काढला, आणि सरकारने कंपनीचे सुमारे २१ टक्के भाग घेऊन तिला उभे केले. २००६ साली तेच भाग बुईग या कंपनीला सुमारे दोन अब्ज युरोंना विकले. सरकारने घातलेल्या पैशाच्या दुपटीहून जास्त वसूल झाले.

सरकारने कारखाना वाचवला याबद्दल आमची तक्रार नाही. हजारो कामगारांचे घर चालते तो धंदा एका वाईट सौद्यापायी बुडू देऊ नये, हे शहाणपणच आहे. आमचा सवाल मापाचा आहे. दोन वर्षे पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे पीककर्ज थकते, तेव्हा त्याला हात द्यावा म्हटले की परतफेडीची शिस्त बिघडेल म्हणून बँकवाले आणि अर्थशास्त्री ओरड करतात. अल्स्टॉमच्या वेळी शिस्तीचा विषय निघाला, नाही असे नाही, पण तो बाजूला सारण्याची वाट सापडली. वाट शोधणारा अर्थमंत्री पाहिजे, एवढेच.

या कंपनीचे दुसरे प्रकरण लाचेचे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्यापुढे तिने गुन्हा कबूल केला आणि ७७ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. इंडोनेशिया, इजिप्त, सौदी अरेबिया, बहामा अशा देशांत वीजप्रकल्पांची कामे मिळवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त लाच वाटल्याचे त्या खटल्यात नोंदले गेले. कंपनीच्या कागदांत दलालांना टोपणनावे होती. एक जिनिव्हा, एक पॅरिस, एक लंडन, एक ‘शांत माणूस’ आणि एक ‘जुना मित्र’. बाजार समितीच्या आवारात हाताच्या बोटांवर रुमाल टाकून भाव करणारे आपण पाहिले आहेत. हे त्यांचेच सुटाबुटातले भाऊ. ज्या देशांत हे घडले तिथल्या वीजग्राहकाच्या बिलात त्यातले किती आले, हे कोणी मोजलेले नाही.

पण आम्हाला जे खरे सांगायचे आहे ते यापुढे.

लाचेची चौकशी चालू असतानाच, २०१४ च्या एप्रिलमध्ये, अल्स्टॉमने आपला वीज-यंत्रांचा सगळा धंदा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला विकायचे ठरवले. किंमत १२ अब्ज युरोंच्या वर ठरली. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्यवहार पुरा झाला. चौकशीचा दबाव आणून कंपनी विकायला लावली असे फ्रान्समध्ये म्हणणारे पुष्कळ आहेत, कंपनीने ते नाकारले. तिथल्या संसदेने पुढे चौकशी समितीही नेमली. तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. विकले काय, ते पाहू.

फ्रान्सची दोन तृतीयांशाच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येते. भट्टी फक्त पाणी तापवते, वाफ करते. त्या वाफेने फिरणारे टर्बाइन वीज करते. हे टर्बाइन, अराबेल त्याचे नाव, बेलफोर्टच्या परिसरात तयार होते. असले यंत्र एकदा बसवले की चाळीस-साठ वर्षे चालते. तेवढी वर्षे त्याची पाती, त्याचे सुटे भाग, त्याची दुरुस्ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती देशाचा दिवा. तो हात २०१५ साली अमेरिकेत गेला. जनरल इलेक्ट्रिकने फ्रान्समध्ये तीन वर्षांत निव्वळ एक हजार नव्या नोकऱ्या देण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात २५ दिल्या आणि २०१९ मध्ये पाच कोटी युरो दंड भरून मोकळी झाली. त्याच वर्षी तिने फ्रान्समध्ये, मुख्यतः बेलफोर्टला, सुमारे हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ बेलफोर्टला त्याच टर्बाइनपुढे उभे राहिले आणि सरकारी वीज कंपनी ईडीएफ हा धंदा परत घेणार असल्याचे सांगितले. ३१ मे २०२४ ला तो परत आला. आणि २०१४ च्या ऑगस्टपासून अर्थमंत्री म्हणून विक्रीला सरकारची संमती देणारे कोण? हेच माक्राँ.

घरचे बी विकून खाल्ले आणि पेरणीच्या वेळी दुकानातून विकत आणले, असा हा प्रकार. फ्रान्सजवळ पैसा होता, म्हणून परत आणता आले.

आपल्याकडे काय झाले? आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो तेव्हा अकोल्याचे पीकेव्ही-०८१, रजत असे कपाशीचे सरळ वाण शेतकरी लावत. सरकी काढून ठेवली की पुढच्या वर्षी तेच बी. नांदेड-४४ हे संकरित वाण होते, त्याचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागे. कारण संकरिताचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडे उंच-बुटकी, बोंडे लहान-मोठी होतात. पण ते वाण निदान आपल्या विद्यापीठाचे होते. २००२ साली बीटी आले, तेही खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांतच. पाच-सात वर्षांत बाजारातून सरळ वाण नाहीसे झाले. अळीला मारणारा गुण मोन्सँटोचा. २०१८ साली मोन्सँटोच बायर या जर्मन कंपनीने विकत घेतली. आपल्या पऱ्हाटीतल्या गुणाचा मालक अमेरिकेतून जर्मनीत गेला आणि यवतमाळ-परभणीच्या बांधावर कोणाला पत्ताही लागला नाही. बीटीला आमचा विरोध नाही, पहिल्या वर्षांत फवारण्या वाचल्या हे सगळ्यांनी पाहिले आहे. गुलाबी बोंडअळीने तो गुण पचवला, पण पिशवी घेण्यावाचून आपली सुटका नाही. मालदांडी ज्वारीचे बी अजून मडक्यात राहते, सरकीचे राहत नाही.

आता पुन्हा इंजिनाकडे या. रेल्वेने परक्यांकडून इंजिन दोन वेगवेगळ्या रीतींनी घेतले आहे, आणि दोन्हींचा निकाल आपल्यापुढे आहे.

पहिली रीत १९९३ ची. एबीबी कंपनीकडून रेल्वेने नव्या धर्तीची विद्युत इंजिने मागवली, पण करारातच लिहून घेतले की तंत्र द्यावे लागेल. त्यातून चित्तरंजनच्या सरकारी कारखान्यात डब्ल्यूएजी-९ हे सुमारे ६,००० अश्वशक्तीचे इंजिन तयार होऊ लागले. पुढे एबीबीचा रेल्वे धंदा आधी अॅडट्रान्झमध्ये गेला, २००१ मध्ये बॉम्बार्डियरकडे गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये बॉम्बार्डियरची रेल्वे शाखा अल्स्टॉमने घेतली. तीनदा मालक बदलले. चित्तरंजनचे काम थांबले नाही. आपल्या लोकांनी ते इंजिन सुधारले, त्याच्या निरनिराळ्या जाती काढल्या. सुटे भाग बाहेरून येतात, पण पुरवणारे एकाहून जास्त आहेत. हे आपले सरळ वाण.

दुसरी रीत मधेपुराची. नोव्हेंबर २०१५ चा करार. कारखान्यात अल्स्टॉमचे ७४ टक्के, रेल्वेचे २६ टक्के. अकरा वर्षांत ८०० इंजिने रेल्वेने घ्यायची, किंमत तीन अब्ज युरोंच्या वर. कारखाना देशात, कामगार देशातले, बहुतेक भागही देशात होतात, हे सगळे मान्य. इंजिनही चांगले आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आराखडा आणि कारखान्याचा कारभार मोठ्या भागीदाराकडे. उद्या त्या भागीदाराला पैशाची चणचण आली आणि त्याने धंदा तिसऱ्याला विकला, तर नागपूरच्या डेपोत सुटा भाग कोणत्या भावाने आणि किती दिवसांनी येईल? हा प्रश्न हवेतला नाही. २०२३ मध्ये बॉम्बार्डियरच्या खरेदीनंतर अल्स्टॉमची रोकड पुन्हा आटली, आणि २०२४ मध्ये तिला भागधारकांकडून एक अब्ज युरो नव्याने उभे करावे लागले.

आणि त्या कराराचे दुसरे अंग पाहा. अकरा वर्षे, ८०० नग, खरेदीची हमी. एवढी हमी मिळाल्याशिवाय आम्ही कारखाना काढणार नाही, असे कंपनी म्हणाली असेल तर तिचे चुकले नाही. खर्च करणाऱ्याला आपला माल कोण घेणार हे आधी कळले पाहिजे. शेतकरीही जूनमध्ये बी, खत, मजुरी घालतो. त्याला अकरा वर्षांची नको, अकरा महिन्यांची तरी हमी आहे काय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये कपाशीला पात्या-फुले लागली असताना केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरपर्यंत आणि लगेच ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला माल बाजारात येण्याचा काळ. इंजिन देशात व्हावे म्हणून अकरा वर्षांची बांधिलकी, आणि रुईसाठी चार महिन्यांत दोनदा धोरण बदल.

जैतापूरबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्यात प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभ्या करण्याची योजना आहे, एकूण ९,९०० मेगावॅट. जमिनी केव्हाच घेतल्या गेल्या, २०११ मध्ये आंदोलनावर गोळीबार होऊन एक बळी गेला, भट्टी मात्र एकही उभी नाही. २०१८ साली टर्बाइनच्या बाजूसाठी ईडीएफने ज्या कंपनीशी करार केला ती जनरल इलेक्ट्रिक. आता तोच टर्बाइनचा धंदा ईडीएफच्याच हाती आला आहे. अणुवीज हवी की नको, हा वाद इथे नको. पण उद्या करार झालाच, तर टर्बाइनची दुरुस्ती आणि सुटे भाग साठ वर्षे कोणाच्या हाती राहतील, हे करारात १९९३ सारखे लिहून घेणार की २०१५ सारखे, हे आमदार-खासदारांना विचारायला कोकणातला माणूस कशाला पाहिजे? त्या विजेच्या दराचा भार आपल्याही बिलात येणार आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या तीन हंगामांत लावलेल्या कपाशीच्या बियाण्याची यादी आणावी: वाणाचे नाव, पिशवीवरचे कंपनीचे नाव, पावतीवरची किंमत. पिशवी टाकून दिली असेल तर पावती आणावी, पावती नसेल तर दुकानदाराचे नाव. गावात कोणाकडे सरळ वाणाची किंवा देशी कपाशीची सरकी अजून असेल, तर मूठभर चिठ्ठीसह सोबत आणावी. ती विद्यापीठाकडे तपासणीला पाठवू आणि बैठकीत वाटणीचे ठरवू.