आणलेल्या पाण्याचा हिशेब कोणत्या नोंदीवर ठेवावा?

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी खाली उतरतो. पश्चिम उतारावरील नार व पार यांचे पाणी गुजरातेकडे जाते. पूर्व उतारावरील गिरणा नाशिक जिल्हा ओलांडून जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते. नार-पारचे पाणी उपसून गिरणेच्या खोऱ्यात आणण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. या पाण्याविषयी खानदेशातील शेतकऱ्यास मोठी आशा वाटते, आणि ती रास्तच आहे. परंतु पाणी किती येणार याची चर्चा गावोगाव होत असता, आलेले पाणी कोठे मोजावयाचे व कोणती नोंद खरी मानावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तो पाणी येण्यापूर्वीच सुटला पाहिजे.

याचे कारण साधे आहे. एकदा नदीत मिसळल्यावर नारचे पाणी कोणते आणि गिरणेचे कोणते, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. म्हणून वळविलेल्या पाण्याची मुख्य नोंद ते नदीत वा जलाशयात पडण्यापूर्वी, म्हणजे बोगद्याच्या अथवा कालव्याच्या मुखाशीच झाली पाहिजे. खाली जळगावास नदी फुगलेली पाहून वरून पाणी आले असे म्हणणे, हा मोजमापाचा पुरावा नव्हे.

पाण्याचे आकडे तीन प्रकारचे असतात. पहिला योजनेचा आकडा. तो अपेक्षा सांगतो. दुसरा अनुमानाचा, पंप किती तास चालले वा पाऊस किती पडला यावरून तो काढलेला असतो. तिसरा प्रत्यक्ष मोजणीचा. हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी छापले जातात आणि वाचणारा फसतो. एक सोपा पडताळा प्रत्येकाने पाठ करावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक प्रवाह अहोरात्र वाहिला तर ८६,४०० घनफूट पाणी होते. म्हणजे १,००० क्युसेकचा प्रवाह सुमारे साडेअकरा दिवस अखंड वाहावा, तेव्हा कोठे एक टीएमसी भरते. कोणी टीएमसीचा आकडा सांगितला की किती क्युसेक व किती दिवस, एवढे नम्रपणे विचारावे. रोजची नोंद असेल तर उत्तर मिळेल. नसेल तर तो आकडा अनुमानाचा समजावा.

मोजणीची नोंदही डोळे मिटून स्वीकारू नये. मोजपट्टी पाण्याची उंची दाखविते, प्रवाह नव्हे. कालव्यावरील पक्क्या मोजनालीत पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट न होता जवळजवळ २.८ पट होतो; म्हणून उंची वाचण्यातील लहान चूक हिशेबात मोठी होते. नालीत गाळ साचला, मोजपट्टीचे शून्य हलले किंवा खालच्या बाजूस पाणी तुंबले, तर जुना तक्ता निरुपयोगी ठरतो. नदीच्या पात्रात तर पुराने वा वाळूच्या उपशाने तळच बदलतो. यासाठी प्रवाहमापकाने पुन्हा मोजणी करून तक्ता केव्हा सुधारला, ती तारीख ज्या नोंदवहीत आहे, ती वही अधिक विश्वासार्ह होय. जिच्यात कोरे दिवस कोरेच ठेवले आहेत, ती वही, सर्व रकाने एकसारख्या आकड्यांनी भरलेल्या वहीपेक्षा बरी.

कधी कधी दोन्ही नोंदी खऱ्या असूनही जुळत नाहीत. गिरणा धरणातून सोडलेले आवर्तन नदीच्या पात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून कालव्यांत वळते. धरणाशी मोजलेले पाणी व जामद्यास पोहोचलेले पाणी सारखे भरत नाही. काही पाणी वाळू पिते, काही ऊन नेते, काही वाटेत उपसले जाते. एक नोंद किती सोडले ते सांगते, दुसरी किती मिळाले ते सांगते. पुढील वादात यांपैकी कोणती धरावयाची, हे आधीच ठरवावे. दोन्ही ठेवाव्यात आणि मधली तूट उघड लिहावी.

आधी पाणी तर येऊ द्या, मोजमाप मागाहून पाहू, असे काही जण म्हणतात. ही समजूत घातक आहे. योजनेपूर्वी गिरणेत किती पाणी वाहत होते, याची अनेक वर्षांची नोंद हाताशी नसेल, तर वाढ झाली की नाही हे कशाशी ताडून पाहणार? चांगल्या पावसाचे एक वर्ष योजनेचे यश म्हणून दाखविले जाईल, अवर्षणाचे वर्ष अपयश म्हणून. गेलेल्या वर्षांची मोजणी पुढे कितीही पैसा ओतला तरी होत नाही.

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटले गेले. ते टिकले, कारण वाटप सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असे. तोच उघडेपणा आज मोजपट्टीस हवा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसह मोजपट्टी वाचावी, वाचलेला आकडा दोघांच्या सहीने वहीत व फळ्यावर लिहावा आणि आवर्तन संपताच बेरीज ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्याची नोंद नाही, त्या पाण्यावर हक्क सांगणे कठीण; आणि शेजारच्या गावावर आळ घेणे मात्र फार सोपे.