कष्टकऱ्याची सायकल आणि विजेची मोटर

विजेवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा गेली काही वर्षे देशात मोठ्या हिरिरीने चालू आहे. या चर्चेत मोटारी आहेत, स्कूटरी आहेत, बसगाड्या आहेत. नाही ती फक्त सायकल. ज्या वाहनाला सर्वांत कमी वीज पुरते, जे आजही खेड्यातील लाखो घरांच्या ओसरीत उभे आहे आणि ज्यावर मोटर बसवण्याचे तंत्र आज सहज उपलब्ध आहे, त्याची दखल घ्यावी असे नियोजनकर्त्यांना वाटत नाही. हे केवळ विस्मरण नव्हे. यंत्र कोणासाठी, या जुन्या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी दिलेले ते मूक उत्तर आहे.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनकडे पाहावे. झरी-जामणी तालुक्यातील हे गाव माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे एक स्थानक. या परिसराच्या पोटात कोळसा, चुनखडी आणि डोलोमाइट आहे. पृष्ठभागावर कापसाची कोरडवाहू शेती आणि कोलाम व गोंड आदिवासींची गावे व पोड आहेत. २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना येथे उत्पादनाला लागला. कोळसा बाहेर जातो, सिमेंट बाहेर जाते, त्यांच्यासाठी लोहमार्ग आणि मालट्रकांचे रस्ते तयार होतात. पण आठ-दहा किलोमीटरवरच्या पोडावरून पाळीवर येणाऱ्या कंत्राटी मजुराने, बाजाराला निघालेल्या बाईने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने कसे यावे-जावे, याचा विचार कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. मालाच्या वाहतुकीची चिंता भांडवल स्वतः करते; माणसाच्या वाहतुकीची चिंता माणसावरच सोडलेली असते.

अशा ठिकाणी सायकलला बसवण्याची मोटर ही चैन ठरत नाही. प्रथम तिचे तंत्र पाहू. बाजारात दोन प्रकारची किट मिळतात. पहिल्यात मोटर चाकाच्या तुंब्यात बसते आणि चाक थेट फिरवते. दुसऱ्यात जुना क्रँक, कॉटर पिन, आस आणि छर्रे काढून सायकलच्या सांगाड्यातील पायडलच्या नळीत मोटर घातली जाते. ती चेनव्हील फिरवते आणि तिची शक्ती साखळीमार्गे मागच्या चाकाला मिळते. ही मध्यवर्ती मोटर. बहुतेक किट ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या नळीसाठी बनलेली असतात, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी नळीची रुंदी आणि आतला व्यास मोजून घेणे हे पहिले काम.

मध्यवर्ती मोटरचा मोठा गुण असा की, मागे गिअर असतील तर पायाप्रमाणेच मोटरलाही त्यांचा लाभ मिळतो. चढावर किंवा ओझे असताना हलका गिअर घातला की छोटी मोटरही मोठे काम करते. दोन्ही चाके मूळचीच राहतात; त्यामुळे बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तर रस्त्यावरचा कोणताही पंक्चरवाला नेहमीप्रमाणे चाक काढू शकतो. मोटर बंद पडली तरी पायडल मारत घरी जाता येते.

पण या यंत्राची दुसरी बाजूही विक्रेत्याने सांगितली नाही तरी ग्राहकाला कळली पाहिजे. खेड्यातील साध्या सायकलीला गिअर नसतात. एकाच दातेरी चकतीवर मोटरचा सारा जोर पडला की साखळी आणि फ्रीव्हील लवकर झिजतात, आणि गिअरचा जो लाभ म्हणून ही मोटर घ्यायची तोच हाती लागत नाही. साखळी तुटली तर मोटर आणि पाय दोन्ही एकदम निरुपयोगी होतात. तुंब्यातल्या मोटरचे तसे नाही. म्हणून मध्यवर्ती मोटर घ्यायची तर मागे गिअरचा संच बसवणे, निदान जास्त दात्यांचे फ्रीव्हील लावणे आणि साखळी चांगल्या प्रतीची घेणे हिताचे. सपाट रस्ता, हलके ओझे आणि एकच गिअर असेल तर तुंब्यातली मोटर अधिक सोयीची. जुने रॉड ब्रेक वाढलेल्या वेगाला पुरे पडत नाहीत. ब्रेक बदलणे आणि ब्रेक दाबताच मोटर थांबवणारी कळ बसवणे यात कसूर करू नये. रात्रपाळीच्या माणसाला ट्रकांच्या रस्त्यावर दिवा नसलेली सायकल म्हणजे प्राणाशी खेळ. ती उणीव या बॅटरीवरच भागवता येते.

आता हिशेब. धडधाकट मजूर दीर्घकाळ सुमारे ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. कायद्याने अनुमत मोटर जास्तीत जास्त २५० वॉटच्या घरातली. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. पायडलची साथ असेल तर किलोमीटरला सुमारे १० वॉट-तास पुरतात, म्हणजे एका चार्जिंगमध्ये ३० किलोमीटर सहज. त्यासाठी वीज लागते अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. युनिटला आठ रुपये धरले तरी चार रुपयांच्या आत. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटरसायकलीला याच अंतरासाठी साठ रुपयांहून अधिक पेट्रोल लागते. महिन्याच्या २५ पाळ्यांचा हिशेब केला तर फरक चौदाशे रुपयांहून अधिक. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे किराणा आहे, औषध आहे, मुलाची फी आहे.

ही वीज कोळशापासूनच होते, मग प्रदूषण कमी झाले कोठे, असा आक्षेप काही जण घेतात. आक्षेप रास्त आहे. पण प्रमाण पाहावे. ३० किलोमीटरच्या या विजेसाठी अर्धा किलोही कोळसा जळत नाही. दीड-दोन टनांची विजेची मोटार एका माणसाला घेऊन तेवढेच अंतर जाते, तेव्हा याच्या दहापट किंवा त्याहून अधिक वीज खाते. हवेची काळजी खरोखर असेल तर प्रोत्साहनाचा पहिला रुपया सायकलीवर खर्च व्हायला हवा होता.

घडले नेमके उलटे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील वाहनांचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. लाखो रुपयांच्या मोटारीलाही ती सवलत मिळाली. पायाने चालवायच्या साध्या सायकलीचा कर ५ टक्क्यांवर यायला मात्र २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आजही जो आपली जुनी सायकल टिकवून तिच्यावर बसवण्यासाठी सुटी लिथियम बॅटरी आणि सुटी मोटर घेतो, तो १८ टक्के कर भरतो. आख्खी नवी मोटार घेणारा ५ टक्के भरतो. २०१९ ते २०२४ या काळातील केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्कूटरींना, रिक्षांना, बसगाड्यांना अनुदान मिळाले. पायडलच्या सायकलीला त्यात स्थान नव्हते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. या तिन्ही रस्त्यांवरून मुकुटबनचा सायकलस्वार कधी जाणार आहे? दिल्ली सरकारने २०२२ साली विजेच्या सायकलीला अनुदान जाहीर केले होते. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग सापडतो.

देशी बुद्धीची वानवा आहे, असेही नाही. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून सायकलरिक्षावर काम केले: गिअर आणि चांगले ब्रेक असलेली सुधारित रिक्षा, पायडलला मोटरची साथ देणारी आणि पूर्ण विजेवरची. माणसाने माणसाला ओढण्याचे कष्ट कमी व्हावेत, ही त्यामागची दृष्टी होती. त्या प्रयत्नांना शासनाचे भक्कम पाठबळ मिळाले नाही. पुढे आयात केलेल्या सुट्या भागांच्या ई-रिक्षांनी उत्तरेकडील शहरे भरून गेली आणि २०१५ साली कायदा त्यांच्यामागून धावत आला. २०२२ साली राजवंशींना पद्मश्री मिळाली, ते योग्यच झाले; पण संशोधकाचा सन्मान करायचा आणि त्याचे यंत्र अडगळीत ठेवायचे, ही या देशाची रीतच पडून गेली आहे. त्याच वर्षी गुरसौरभ सिंग या तरुणाने साध्या सायकलीवर बसणारे किट तयार केल्याचे चित्रीकरण देशभर गाजले आणि आनंद महिंद्रांसारख्या उद्योगपतीने त्याचे जाहीर कौतुक केले. कौतुकाने किट खेड्यात पोहोचत नाही. त्यासाठी कर, कर्ज आणि कारागीर या तीन गोष्टींची व्यवस्था लागते.

कर्जाची अडचण मोठी आहे. सायकल पाच-सहा हजारांची, किट मात्र तिच्या कित्येक पट किमतीचे. नोंदणीच नसल्याने ही सायकल बँकेच्या वाहनकर्जाच्या चौकटीत सहजी बसत नाही. परिणामी ज्याला बचतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सुरुवातीची रक्कम उभी करता येत नाही, आणि तो सावकाराच्या किंवा सूक्ष्म कर्जकंपनीच्या दारात जातो. कामगारांच्या पतसंस्थांनी आणि महिला बचत गटांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. महिन्याला वाचणाऱ्या पेट्रोलच्या पैशातून हप्ता फिटू शकतो, हे वरच्या हिशेबावरून उघड आहे.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांनी पक्की समजून घ्यावी. मोटर २५० वॉटच्या आत, पायडल थांबताच किंवा वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच तिची साथ बंद होणारी, या आणि नियमांतील इतर अटी पाळल्या तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती सायकलच राहते. नोंदणी, परवाना, विमा यांची गरज नाही. परंतु बाजारात ५०० आणि ७५० वॉटच्या मध्यवर्ती मोटरी सर्रास विकल्या जातात. ती बसवली की तीच सायकल कायद्याच्या नजरेत विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होते. अपघात झाला तर भरपाईचा सारा बोजा गरिबाच्या डोक्यावर येतो. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी मोटरची शक्ती बेकायदा वाढवणाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले होते. कारवाई विक्रेत्यावर व्हावी, फसलेल्या मजुरावर नव्हे, ही मागणी लावून धरली पाहिजे.

विदर्भाचा उन्हाळा हा आणखी एक प्रश्न. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लिथियम बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. पत्र्याखाली, उन्हात ठेवलेली बॅटरी तर अधिकच. ती गार जागी, रात्री किंवा पहाटे चार्ज करावी. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी जड असली तरी अधिक सुरक्षित आणि दीर्घायुषी असते. कारखाने आणि खाणी यांच्या फाटकाशी सावलीचा सायकलतळ आणि चार्जिंगची सोय मालकाच्या खर्चाने व्हावी, ही कामगार संघटनांच्या मागणीपत्रात सहज बसणारी मागणी आहे.

मजुराने एसटीची मागणी सोडून द्यावी आणि आपापली मोटर विकत घ्यावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सार्वजनिक वाहतूक हा हक्क आहे. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात एसटी थांबली तेव्हा ग्रामीण महाराष्ट्र कसा अडकून पडला, हे सर्वांनी पाहिले. पण मुख्य रस्त्यावर एसटी आली तरी पोडापासून त्या रस्त्यापर्यंतचे अंतर उरतेच, आणि पाळी सुटण्याची वेळ बसच्या वेळेला जुळतेच असे नाही. सायकल ही एसटीची सवत नसून तिची पूरक आहे.

यंत्राला आंधळा विरोध हा समाजवादी विचार कधीच नव्हता. गांधीजींनी शिवणयंत्राचे महत्त्व मानले होते. १९५२ च्या पचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. माणसाचे कष्ट कमी करील पण त्याला बेकार करणार नाही, गावात दुरुस्त होईल आणि ज्याची मालकी वापरणाऱ्याकडेच राहील, असे यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. सायकलची मोटर या कसोटीला उतरू शकते. मात्र आपोआप नव्हे. सुटे भाग परदेशातून, दुरुस्ती शहरात आणि नफा दलालाकडे अशीच व्यवस्था राहिली तर तीही शोषणाचे आणखी एक साधन होईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सायकलच्या २५० वॉटपर्यंतच्या मोटरीवर आणि बॅटरीवर ५ टक्क्यांहून अधिक कर नको. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गावच्या सायकल मिस्त्रींसाठी किट बसवण्याचे आणि दुरुस्तीचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू व्हावेत. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या जातात. लांबच्या पोडावरच्या मुलींसाठी त्यात मोटरची तरतूद व्हावी. वापरून संपलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची २०२२ च्या नियमांतील उत्पादकांची जबाबदारी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचावी. या मागण्यांपैकी एकीलाही फार मोठा पैसा लागत नाही.

ज्या भूमीच्या कोळशावर शहरे उजळतात, त्या भूमीतल्या माणसाला रोज अर्ध्या युनिटाचा आधार मागावा लागतो, ही स्थिती लाजिरवाणी आहे. झरी-जामणी, वणी आणि मारेगावच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सायकलींची, कामावर जाणाऱ्यांच्या अंतरांची आणि त्यांच्या पेट्रोलखर्चाची नोंद करून हा प्रश्न ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत नेला पाहिजे.