मोबाईलवरचा वर्ग आणि तकरार

बारावीनंतर घरीच राहून किंवा बी.ए. करता करता एखादा ऑनलाइन कोर्स घेणाऱ्या मुली आपल्या मोहल्ल्यांत आता बऱ्याच दिसतात. केंद्र सरकारचे 'स्वयम्' ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तेवढी फी. कोर्सचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि चर्चा. पहिले तीन मुली नेटाने करतात. चौथ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. कारण साधे आहे. एनपीटेलच्या कोर्सात स्वाध्यायाला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के. विचारलेल्या प्रश्नाला काहीच नाही.

पण कोर्स सुटतो तो इथेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादी गोष्ट अडते, विचारायला कुणी नसते, आणि मोबाईल भावाच्या हातात जातो.

मदरशांत धडा झाला की मुले गोल करून बसतात. एक जण उस्तादांचा धडा पुन्हा सांगतो, बाकीचे त्याला अडवतात. याला तकरार म्हणतात. (मराठीत याच शब्दाची 'तक्रार' झाली, ही गंमतच.) ऑनलाइन कोर्सला हीच जोड हवी. चार-पाच जणींनी एकच कोर्स घ्यावा. मोबाईल एकच असला तरी एका घरी बसून व्हिडिओ पाहता येतो. बरेचसे कोर्स इंग्रजीत आहेत, म्हणून दर आठवड्याला एकीने तो धडा आपल्या बोलीत सांगावा. दखनीत सांगितला तरी हरकत नाही. दुसरीने अडलेले प्रश्न लिहून ठेवावेत, आणि जे कुणालाच सुटले नाही ते चर्चेत टाकावे. "पाचव्याचे उत्तर काय?" असे नको. "मी इथपर्यंत आले, पुढे का अडते?" असे विचारावे, सांगणाऱ्यालाही ते सोपे जाते. स्वाध्यायाची उत्तरे मात्र एकमेकींना पाठवायची नाहीत. ती नक्कल झाली.

अम्मी-अब्बांची काळजी मी जाणते : अनोळखी मुलांत आमची मुलगी काय लिहिणार? तिथे धड्याविषयीच लिहायचे असते, आणि ते शिक्षकांसकट सगळा वर्ग वाचतो. फोटो किंवा मोबाईल नंबर द्यायची गरजच नाही. कॉलेजचाच ऑनलाइन वर्ग असेल तर शिक्षकांकडे मुलींचा वेगळा लहान गट मागा. पण 'शिक, मात्र बोलू नकोस' असे सांगू नका. न बोलता गणितही येत नाही.

'स्वयम्'ची नवी सत्रे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. नाव नोंदवण्याआधी शेजारपाजारी कोण बारावी झाली आहे, ते विचारून घ्या.