घरचे आरोग्य : सुईनंतर उरलेले दुखणे

गेल्या महिन्यात बंगळूरच्या बनशंकरी भागातून एका भगिनींचे पत्र आले. मूळचे बेळगावकडील हे कुटुंब नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाले, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. बदामीची बनशंकरी ही त्यांची कुलदेवता. तेव्हा त्याच देवीच्या नावाच्या वस्तीत घर मिळाले, याचा त्यांना मोठा संतोष. मंगळवारी राहुकाळात तेथील देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवा लावावयाचा, हा पतिपत्नींचा नेम.

तो नेम मोडला. यजमानांच्या कंबरेत उसण भरली म्हणून एका दवाखान्यात त्यांना डाव्या कुल्ल्यावर वेदनाशामक इंजेक्शन देण्यात आले. कंबर दोन दिवसांत मोकळी झाली, परंतु सुईचे दुखणे तीन आठवडे झाले तरी हटेना. “कोणी शेकावयास सांगते, कोणी बर्फ लावावयास, शेजारच्या आजी एरंडेल चोळा म्हणतात. आपण एखादा घरगुती उपाय कळवावा,” असे बाई लिहितात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य : “चालताना डाव्या पायातील चप्पल निसटते आणि त्यांना ते कळतही नाही.”

वाचकहो, साऱ्या पत्राचे मर्म त्या शेवटच्या वाक्यात आहे. ते वाचताच, अंक निघण्याची वाट न पाहता, आम्ही त्यांना कळविले की यावर घरगुती उपाय नाही. उद्याच डॉक्टरांकडे जावे. असे का लिहिले, ते सर्वांनाच उपयोगी पडेल म्हणून येथे विस्ताराने सांगतो.

प्रथम साधे दुखणे कोणते, ते पाहू. सुई स्नायूत शिरते तेव्हा तेथील तंतूंना थोडी इजा होतेच. शिवाय आत गेलेले औषध तंतूंना बाजूला सारून आपल्यापुरती जागा करून घेते. काही औषधे मुळातच झोंबणारी असतात. संधिवाती तापाच्या रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावे लागणारे पेनिसिलिन हे त्यांपैकीच. लसीमुळे दंड दुखतो, तो मात्र शरीराची संरक्षक शक्ती जागी होत असल्यामुळे. २०२१ साली करोनाची लस घेतलेल्या घराघरांतून हा अनुभव आला आहे. असे दुखणे बहुधा दोन-तीन दिवस, क्वचित आठवडाभर राहते. त्याची खूण एकच : ते रोज थोडेथोडे उतरत जाते आणि सुईच्या जागेपुरतेच असते. कधी एखादी कठीण गाठ काही आठवडे हाताला लागते. ती लाल वा गरम नसेल आणि वाढत नसेल, तर हळूहळू विरते.

अशा दुखण्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत थंड पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. त्यानंतर कोमट शेक सुखावह वाटतो. जागा जोराने चोळू अथवा रगडू नये. त्याने आतील इजा वाढते. हातपाय आखडून न ठेवता नेहमीची हालचाल चालू ठेवावी. दुखणे असह्य असल्यास पॅरासिटामॉलची गोळी चालते. मात्र यकृताचा विकार असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

आता भयसूचक लक्षणे. जागा दिवसेंदिवस लाल, गरम व टणक होत जाऊन ठणकू लागली आणि ताप आला, तर आत पू होत असण्याचा संभव असतो. मधुमेही व्यक्तींनी याविषयी विशेष जागरूक राहावे. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांना मोठी सूज आली, तर आत रक्त साकळले असेल. टोचताच असह्य वेदना होऊन कातडी निळसर-काळी पडू लागली, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. श्वास लागणे, चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे यांनाही हाच नियम.

आणि चौथे लक्षण बनशंकरीच्या पत्रातील. कुल्ल्याच्या आतून शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू खाली पावलापर्यंत जातो. सुई किंवा औषध त्याच्यात वा त्याच्या अगदी लगत गेले, तर विजेचा झटका बसावा तशी कळ पायात उतरते. पुढे मुंग्या, बधिरपणा, जळजळ आणि पाऊल वर उचलण्याची शक्ती कमी होणे, असा क्रम लागतो. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारा भाग त्या तंतूच्या बाहेरच्या बाजूस असल्याने तोच अधिक वेळा दुखावतो. चप्पल निसटते ती म्हणूनच. अशा बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवणे तर धोक्याचेच, कारण कातडी भाजली तरी कळत नाही.

या दुखापतीत वेळ दवडणे महाग पडते. तंतू तुटला असल्यास तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे १ मिलिमीटर इतक्या संथ गतीने. कुल्ल्यापासून पावलापर्यंतचे अंतर ध्यानी घेतले, म्हणजे धीर किती लागेल ते कळेल. तोवर पावलाला आधारपट्टी बांधून आणि नित्य व्यायाम करून स्नायू व सांधे जिवंत ठेवावे लागतात. इजा किती खोल आहे, हे विद्युत तपासणीने समजते. सुमारे तीन आठवड्यांनंतर ती अधिक स्पष्ट निदान देते. काही महिन्यांतही सुधारणा दिसली नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आमच्या भगिनींना डॉक्टरांनी निम्हान्समध्ये पाठविले. बंगळूरची ही संस्था १९७४ साली स्थापन झाली. तेथे केवळ मनोरुग्णांवर उपचार होतात, अशा समजुतीने हे कुटुंब प्रथम कचरले. वस्तुतः मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांवरही तेथे उपचार होतात. परवाच त्यांचे दुसरे पत्र आले. तंतू दुखावला आहे, पण पूर्ण तुटलेला नाही. पट्टी बांधली आहे, व्यायाम चालू आहे. सध्या दिवा बाई लावतात, यजमान बाहेर बसून असतात. वेळ लागेल, परंतु आशा आहे.

हे टळले असते काय? बहुतेक टळले असते. कुल्ल्यावर सुई द्यावयाचीच, तर वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशात, किंवा त्याहून सुरक्षित अशा, कमरेच्या हाडाखालील बाजूच्या भागात द्यावी. तान्ह्या मुलांना मांडीच्या पुढील-बाहेरच्या बाजूस टोचतात. श्वानदंशाची लस तर कुल्ल्यावर कधीच देऊ नये, कारण तेथे ती पुरेशी लागू पडत नाही.

आपल्या हातीही काही गोष्टी आहेत. उभ्याने सुई न घेता आडवे व्हावे आणि पालथे असल्यास पायांचे अंगठे आत वळवावे, म्हणजे स्नायू सैल पडतो. पायात कळ गेल्यास संकोच न करता तत्क्षणी सांगावे, म्हणजे सुई मागे घेता येते. सुई नवी आहे ना, ते पाहावे; औषधाचे नाव, तारीख आणि बाजू कागदावर लिहून घ्यावी.

आणि सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा : “डॉक्टरसाहेब, हे गोळीने भागणार नाही काय?” सुई घेतल्याखेरीज बरे वाटत नाही, अशी आपल्याकडे अनेकांची श्रद्धा आहे आणि पुष्कळदा रुग्णच तिचा आग्रह धरतो. जेथे सुई आवश्यक आहे तेथे ती निर्धास्तपणे घ्यावी. लस तर कधीही चुकवू नये. परंतु साध्या उसणीला, तोंडाने गोळी घेता येत असताना, सुईचा हट्ट धरू नये.