तावेर्नीतील सूर

किनारपट्टीवरील रात्रक्लबांच्या कर्कश गोंगाटाविरुद्ध ग्रामस्थांनी चालविलेला लढा न्याय्य आहे आणि त्यास आमचा निःसंदिग्ध पाठिंबा आहे. परंतु या गदारोळात एका निरपराध गोष्टीचा बळी जाऊ नये, म्हणून आज हे चार शब्द. ती गोष्ट म्हणजे गावच्या जुन्या तावेर्नीत सायंकाळी रंगणारे गाणे-बजावणे. चार बाकडी, कोपऱ्यात एक गिटार, एखादे व्हायोलिन, एक घुमट. आणि गाणारा व ऐकणारा यांच्यात अंतर ते काय, हातभराचे!

आमच्या पुष्कळ वाचकांना मद्य आणि संगीत हा संयोगच मुळात अप्रशस्त वाटेल. दारूपायी धुळीला मिळालेले संसार गोव्यात थोडे नाहीत. मद्याची भलामण करणे हा आमचा हेतू नव्हे. परंतु विक्रीचा परवाना सरकारच देते आणि महसूलही सरकारच घेते. दुकान उघडे राहणारच असेल, तर माणसांनी मुकाट्याने पेले रिचवीत बसण्याऐवजी गाणे ऐकत बसावे, यात समाजाचे नुकसान ते कोणते?

शिवाय हे सूर परके नव्हेत. मांडोला साथ करणारे घुमटच चतुर्थीच्या आरतीत आपल्या घरी घुमते आणि सुवारीवादनात दुमदुमते. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, घुमट २०१९ साली वारसा वाद्य ठरले. पेयाचा आणि वाद्याचा गौरव झाला, वादकाचे काय? पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या पाठशाळांतून स्वरलेखन शिकलेल्या आमच्या कलावंतांना पोटासाठी मुंबई गाठावी लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मडगावचे ख्रिस पेरी यांच्या गुणांचे चीज त्या महानगरात झाले. महोत्सवाचे व्यासपीठ वर्षातून एकदा लाभते. कलेला मात्र आठवड्याची बैठक लागते, आणि कलावंताला आठवड्याची बिदागी.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम शिथिल करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या कक्षेत आली. हे योग्यच झाले. आजाऱ्याची झोप आणि विद्यार्थ्याचा अभ्यास कोणत्याही मैफलीहून मोठा आहे. प्रश्न आहे तो रात्री दहाच्या आधीचा. तेव्हा हजारो वॅटचे ध्वनिक्षेपक आणि दोन तारवाद्ये यांना अंमलदाराने एकाच मापाने मोजू नये. इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने हा विवेक केला: परवानाधारक मद्यगृहात सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत ध्वनिक्षेपकाविना होणाऱ्या गायनवादनास वेगळा परवाना लागत नाही.

गोवा सरकारनेही तसा भेद करावा. ध्वनिक्षेपक नाही आणि दहाच्या ठोक्याला वाद्ये खाली, या दोन अटी पाळणाऱ्या छोट्या तावेर्नीला पंचायतीतील साधी नोंद पुरेशी मानावी. अट मोडणाऱ्याची नोंद मात्र तत्काळ रद्द व्हावी. तेथे दयामाया नको. गोंगाट बंद करण्याची धमक सरकारने अवश्य दाखवावी; पण गोंगाट कोणता आणि गाणे कोणते, हे ओळखणारा कानही त्याच सरकारपाशी असावा लागतो.