वारा सगळ्यांचा, मग जमीन कंपनीची कशी?

साथींनो,

कोळसा, तेल, गॅस न जाळता वीज करण्याची ५ लाख मेगावॅट क्षमता २०३० पर्यंत उभी करायची, असं केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलं. ऐकायला चांगलं आहे. कोळशाच्या खाणींनी आदिवासींचं किती जंगल खाल्लं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो, आपला विरोध उन्हावाऱ्याच्या विजेला नाही. ती कोणाच्या जमिनीवर आणि कोणाला विचारून, एवढाच प्रश्न आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे जाऊन बघा. पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग. तालुक्यातल्या काही पवनचक्क्या वनजमिनीवर आहेत. तसल्याच वनजमिनीत बाप-आजापासून नागली पिकवणारा माणूस मात्र फॉरेस्टवाल्यांच्या कागदात अतिक्रमणदार! त्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा सिद्ध करायचा. दंडाची पावती आण, म्हातारा साक्षीदार आण. कंपनीला असा पुरावा कोण मागतो?

सरकार म्हणतं, ही स्वच्छ वीज आहे. म्हणून पवन आणि सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. मंजुरी नाही म्हणजे जनसुनावणी पण नाही. धूर निघत नाही हे खरं. पण मोठमोठी पाती वर न्यायला डोंगर फोडून रस्ता करतात, झाडं जातात, गुरांची वाट बंद होते. त्याचा हिशोब कोण धरणार?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). गावाच्या सोयीच्या १३ कामांसाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, आणि त्यातच अपारंपरिक ऊर्जा पण आहे! अट अशी की प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे पाड्याला उजेड देणारा, पाण्याची मोटर चालवणारा छोटा सौर प्रकल्प आजच होऊ शकतो. कायदा आडवा येत नाही. मग सरकारला कंपनीचे शेकडो हेक्टर दिसतात, पाड्याचा एक हेक्टर का दिसत नाही?

मोठ्या प्रकल्पाला वनजमीन द्यायची तर ग्रामसभेची संमती पाहिजे, असं पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं परिपत्रक होतं. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्रानं आपलं अंग काढून घेतलं. केंद्राची मंजुरी आधी, वनहक्काचं राज्यानं नंतर बघायचं. पण नियम बदलले म्हणून कायदा बदलत नाही. कलम ४(५) आजही आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही.

म्हणून प्रत्येक पाड्यानं तीन कामं करावीत.

१. सामूहिक वनहक्काचा दावा राहिला असेल तर लगेच टाका. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

२. कोणी दलाल स्टँप पेपर घेऊन आला तर सही-अंगठा देऊ नका. वनपट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

३. ग्रामसभा भरवा, बाया पण पाहिजेत. ठराव दोन ओळींचा करा : आमच्या पाड्याला आमची वीज पाहिजे. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या जंगलात खांब नको.

जिंदाबाद!