चष्मा सुटला?

‘चाळिशी’ हा शब्द आपण वयालाही लावतो आणि चष्म्यालाही. निदान भाषेनेच करून ठेवले आहे. वयानुसार डोळ्यातील भिंग ताठर होत जाते, जवळ पाहताना त्याला पुरेसे फुगता येत नाही आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. साठीच्या सुमारास हा नंबर बहुधा स्थिरावतो.

मात्र सत्तरीतील आजोबा डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात येऊन “डॉक्टर, चष्मा सुटला!” असे अभिमानाने सांगतात, तेव्हा मी अभिनंदन करीत नाही. ताठरलेले भिंग पुन्हा मऊ होत नसते. मोतीबिंदूमुळे भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की जवळचे विनाचष्मा दिसते; फलाटावरील इंडिकेटर मात्र धूसर होतो. रक्तातील साखर वाढल्यानेही नंबर बदलतो, म्हणून मी प्रथम साखर तपासतो. ती आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिरावण्याआधी नवा चष्मा करू नये; पैसे वाया जातात.

स्टेशनबाहेरचा तयार चष्मा वाचनापुरता अपाय करीत नाही. परंतु तो दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो, आणि तो घेण्याच्या निमित्ताने डोळ्यातील दाब कोणी मोजत नाही. काचबिंदू तर प्रारंभी दुखतही नाही.

बायफोकल लावणाऱ्यांनी रेल्वे पुलाचा जिना उतरताना मान झुकवून वरच्या भागातून पायरी पाहावी व कठडा धरावा.

घरच्यांनी आज एवढे करावे: आजी-आजोबांचा नेहमीचा वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा आळीपाळीने झाकून, त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरील नाव वाचावयास सांगावे. एका डोळ्याने अडखळले, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.